मूमलच्या वाट्याची शिवी

२०१७ सालची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. मूमल सिंधमधून, पाकिस्तानातून, आईवडिलांबरोबर जळगावला आमच्या गल्लीत येऊन दोन वर्षं झाली होती. पोर एकोणीस वर्षांची, बोलकी. ऐकून ऐकून अहिराणीही शिकली. पण बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, लाटायला आम्ही बायका जमिनीवर बसलो की तिच्यासाठी खुर्ची यायची, चहा बशीवाल्या कपात. ती विनोद करायची. बायका हसायच्या, आणि मागून म्हणायच्या, "बिचारी!"

त्या आखाजीच्या सकाळी तिनं मला विचारलं, "अक्का, मी कधीपर्यंत पाहुणी?"



आखाजीला गौराई बोळवताना नाल्याच्या अल्याड आम्ही, पल्याड दुसरी गल्ली, असा शिव्यांचा सामना होई. राग कुणी धरायचा नाही. पलीकडची पुढारी बेबाबाई. त्या वर्षी तिनं माझ्या नाकापासून माझ्या सुनेच्या वरणापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. मूमलपाशी आल्यावर मात्र थांबली. "पाहुनी शे ती. तिले सोडा."

मूमल धुण्याच्या दगडावर चढली.

"ओ मावशी! इतला लांबून उनू, दोन वरीस व्हई ग्यात, माले एक शिवी बी भेटत नही का?"

दोन्ही काठ हसले. बेबाबाई गडबडली. "तुले काय बोलू, माय?"

"मीच सांगस! मनी कळण्याची भाकर तवावर थांबतच नही. ती बी सरहद्द वलांडी पळस!"

बेबाबाईनं पदर खोचला. "अव भाकरमोडी! तुले तर तवाबी व्हिसा देत नही!"

असा हशा झाला की माझ्या हातातली गौराई पडता पडता वाचली. मूमल दगडावरच बसून टाळ्या पिटत होती. "अक्का, ऐकलं? मला बोलली!"

दुसऱ्या दिवशी खुर्ची कुणी आणली नाही. गल्लीतल्याच रूपानं तिला सरकून जागा दिली आणि तिचा पहिला बिबडा पाहून नाक मुरडलं.

रूपा आता धुळ्याला शाळेत शिकवते. मूमलच्या वडिलांनी नागरिकत्वाचा कागद डोळ्यांनी पाहिला, मग सहा महिन्यांनी गेले. मूमलनं जळगावातच संसार थाटला. भाकरी अजून मोडते. बेबाबाई मुलाकडे नाशिकला असते आणि आखाजीच्या सकाळी फोनवर तिला एक ताजी शिवी देते. उशीर झाला तर मूमलच फोन लावते, "मावशी, यंदा भुलनात का?"

गुडघ्यांमुळे खुर्चीवर आता मी बसते. त्यावरून मूमल मला काय काय बोलते, ते इथे लिहिण्यासारखं नाही.