मुकुलचं भाडं

शिरीषनं पिऊन गाडी ठोकली आणि शेजारी बसलेला त्याचा मित्र मुकुल जागीच गेला. शिरीषला तुरुंगवास झाला, लायसन्स गेलं, आणि काही वर्षांनी पुन्हा परीक्षा देऊन ते मिळालंही. पण त्याला गाडी द्यायला कोणी तयार होईना. शेवटी भाड्यानं गाड्या देणाऱ्या एका कंपनीनं दिली, तीही श्वास तपासणारं यंत्र बसवून. नळीत फुंकायचं, दारू सापडली नाही तरच गाडी सुरू होणार. यंत्राचं भाडं दर महिन्याला, तपासणीचे पैसे वेगळे. शिरीषची बायको वीणा या खर्चाला ‘मुकुलचं भाडं’ म्हणायची. बाई तोंडाची फटकळ खरी, पण चुकीचं काय बोलली?

‘‘पुन्हा प्यायलास तर पोरीला घेऊन मी पुण्याला आईकडे जाईन,’’ असंही तिनं बजावलं होतं. तेव्हापासून शिरीष थेंबाला शिवला नव्हता.

त्या सकाळी तान्ह्या लेकीला, जाईला, इंजेक्शनला न्यायचं होतं. बेडोकला राहत्या इमारतीखालीच शिरीषनं फुंकलं, तर लाल दिवा. वीणाचा चेहरा पडला.

‘‘शपथ, काही नाही घेतलं गं!’’

‘‘माझं दशमूलारिष्ट?’’

शिरीषनं जीभ चावली. वीणाच्या आईनं बाळंतिणीसाठी पाठवलेल्या बाटलीतले दोन चमचे त्यानं अंग मोडून आलं म्हणून नुकतेच घेतले होते. अरिष्टातही अल्कोहोल असतं, हे या इंजिनियरच्या डोक्यातच आलं नव्हतं. दोघं पोट धरून हसली. चुळा भरून, जरा थांबून त्यानं पुन्हा फुंकलं. हिरवा दिवा लागला. वीणा जाईला घेऊन मागे बसली आणि गाडी निघाली.

यंत्र वाटेतही मधूनच श्वास मागतं. तसा मागितला, शिरीषनं फुंकलं, आणि पुन्हा लाल. त्याच वेळी शेजारच्या सीटचा पट्टा लावा म्हणून गाडी टिंगटिंग करू लागली. सीट रिकामी होती. त्यानं गाडी कडेला घेतली.

‘‘वीणा, मी खरंच...’’

‘‘तोंड उघड.’’ मागून वाकून तिनं वास घेतला. काहीच नव्हता. मग ती रिकाम्या सीटकडे झुकली आणि झटकन मागे सरली. तिथं व्हिस्कीचा भपकारा येत होता.

‘‘माझा विश्वास आहे तुझ्यावर,’’ ती म्हणाली आणि जाईला छातीशी धरून उतरली.

‘‘अगं, मग निघालीस कुठं?’’

‘‘तू प्यायला असतास तर भांडले असते रे तुझ्याशी. याच्याशी कशी भांडू?’’ तिनं रिकाम्या सीटकडे बोट दाखवलं. ‘‘मी पुण्याची तिकिटं काढते.’’