मोकळं करा म्हणजे काय

मी खंड्या कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा बोलतोय. म्हणजे बारा-पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत गळ्यातला होतो. सध्या अलोऱ्याजवळच्या एका पडवीत खुंटीला लटकतोय, आणि माझा राग काही उतरत नाही.

भागूबाईनं चिपळूणच्या बाजारातून मला आणलं, तेव्हा मी लालभडक होतो. खंड्या जेमतेम वर्षाचा, कोंबड्या दिसल्या की साखळीला हिसके द्यायचा. त्याच्या खाजवण्यानं नऊ वर्षांत माझा रंग उडाला, बक्कल गंजलं, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. भागूबाई एकटीच राहते, मुलगा दीपक मुंबईला. दिवसभर ती बोलायची खंड्याशीच, आणि ऐकावं लागायचं मलाही.

यंदा खंड्याचा पुढचा पाय सुजला. रिक्षात घालून त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर सलोनी तरुण, हाताच्या हलक्या, मनाच्या हळव्या. एक्स-रे बघून म्हणाल्या, हाडाचा कॅन्सर आहे, बरा होणार नाही, वेदनेवर गोळ्याही आता पुरणार नाहीत. तुम्ही सांगाल तसं करते, असं भागूबाई म्हणाली. डॉक्टरांनी मान खाली घातली.

"आजी, याला आता मोकळं करायला हवं. फार दिवस ओढू नका."

भागूबाई डोळे पुसत रिक्षा बघायला गेली. मग डॉक्टर कंपाउंडरला म्हणाल्या, आजींचा फोन येईल, इंजेक्शन तयार ठेव. ते मी ऐकलं. जिनं ऐकायला हवं होतं ती बाहेर उभी होती.

घरी आल्या आल्या भागूबाईनं माझं बक्कल सोडलं. जा बाबा, मोकळा हो, म्हणाली आणि मला खुंटीला अडकवलं. काय म्हणावं या माणसांना! एक शब्द टाळायचा म्हणून दुसरा बोलतात, आणि समोरचा तो खरा मानतो.

खंड्या जाणार कुठे? त्याला उठवतही नव्हतं. अकरा दिवस तो पडवीत कण्हत पडला. पेज समोर धरली तरी तोंड फिरवायचा. सांगितलं तसं केलं, मग आराम का पडत नाही, असं भागूबाई पुन्हा पुन्हा म्हणायची. मी वरून नुसता चरफडत होतो. डॉक्टरांचाही फोन नाही. निर्णय मालकाचा, आपण घाई कशाला करा, असं त्यांना वाटलं असणार.

बाराव्या दिवशी वाडीतल्या शेळ्यांना लस टोचायला डॉक्टर आल्या. पडवीत खंड्याला बघून थबकल्या. अजून ठेवलात याला, असं त्यांनी विचारलं.

"ठेवलाय कुठं? तुमी बोललात त्याच दिवशी मोकळा केला. तो बघा पट्टा."

डॉक्टर पायरीवर बसल्या. "आजी, इंजेक्शन देऊन त्याला मरण द्या, असं सांगायचं होतं मला. पण तो शब्द तोंडातून निघेना."

"मग बोलायचं व्हतं," भागूबाई म्हणाली. "मी रडले असते. पन त्याला अकरा दिस रडवला नसता."

दुखेल काय, एवढंच तिनं विचारलं. या वेळी डॉक्टर सरळ बोलल्या. सुई टोचेल तेवढंच, मग झोप लागेल, झोपेतच जाईल. भागूबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. डॉक्टरांनी पेटीतलं इंजेक्शन दिलं, आणि थोड्या वेळानं कण्हणं थांबलं.

डॉक्टर, तुमचा सल्ला पहिल्या दिवशीही बरोबरच होता. पुढच्या वेळी कुणाला तो द्याल, तेव्हा मरण हा शब्द तोंडातून काढा. ऐकणाऱ्याला रडू येईल. येऊ द्या.