मागच्या सीटचा वास

विशाखानं गाडीचं मागचं दार उघडून धरलं.

"आता तरी नीट बघा. आत डोकं घाला."

उमाशंकरनं गुडघा सीटवर टेकवला, डोकं आत घातलं आणि छाती भरून श्वास घेतला. बाहेर थांबलेल्या विशाखाला आणि तिच्या आईला ऐकू जावा एवढा मोठा. त्याला कसलाच वास आला नाही. पेट्रोल नाही, रेक्झिन नाही, काचेपाशी टांगलेल्या अत्तराच्या कुपीचाही वास नाही.

मागच्या साली आलेला ताप त्याचं नाक घेऊन गेला होता. ताप उतरला, वास परतला नाही. औसा रोडवरच्या त्याच्या गॅरेजचं नाव मात्र त्या नाकावरच झालेलं. बोनेट उघडायच्या आत उमाशंकर सांगतो क्लच जळालाय की ऑइल, असं लोक म्हणायचे. म्हणून त्यानं ही गोष्ट कुणाला कळू दिली नव्हती. कानावर, हातावर, अंदाजावर तो निभावून नेत होता.

विशाखा बँकेत अधिकारी होती. आईला, पार्वतीबाईंना, ती दर महिन्याला नांदेडच्या डॉक्टरांकडं घेऊन जायची. मागं बसलं की पेट्रोलचा वास येतो, असं आई म्हणत होती. विशाखानं याआधीही गाडी दाखवायला आणली होती, आणि प्रत्येक वेळी उमाशंकरनं असाच मोठा श्वास घेऊन सांगितलं होतं, "काही न्हाई ताई. टाकी काठोकाठ भरत जाऊ नका."

"आज अहमदपूरच्या पुढं जाताच आलं नाही," विशाखा म्हणाली. "उलट्यांनी बेजार झाली. तशीच परत फिरवली गाडी. मी पुढं, काच उघडी, मला कधी नीट कळलंच नाही. तुम्ही वास नाही म्हणालात म्हणून मी हिच्यावर ओरडत राहिले. दवाखाना टाळायला नाटकं करतेस म्हणाले."

पार्वतीबाई स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी तोंडावरचा पदर जरा खाली घेतला.

"असू दे गं. मिस्तरीला न्हाई आला म्हंजी नसंलच. म्हाताऱ्या माणसाला होतेत असले भास."

उमाशंकर दारातून मागं सरला. हातातल्या फडक्यानं तो कोरडेच हात पुसत राहिला. मग शेजारच्या आदर्शच्या गॅरेजात गेला.

आदर्श त्याच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं गळती शोधायचं धुराचं मशीन घेतलं तेव्हा उमाशंकरनं चारचौघांत त्याची टर उडवली होती. नाक नसलेल्यांनी घ्यावं असलं यंत्र, म्हणाला होता.

"काका, तुमाला कशाला पायजे मशीन?" आदर्शनं हसत विचारलं.

"दे," उमाशंकर म्हणाला. त्याला वर बघवलं नाही.

त्यानं मागची सीट उचलून बाहेर ठेवली. खालची पत्र्याची झाकणी काढली. टाकीचं तोंड बंद करून वाफेच्या नळीत पांढरा धूर हळूहळू सोडला आणि बॅटरी मारून पाहत राहिला. थोड्या वेळानं पार्वतीबाई बसायच्या बरोबर त्या जागेखालून, टाकीतली वाफ इंजिनाकडं नेणाऱ्या रबरी नळीच्या वाकणातून, धुराचा बारीक धागा वर आला. कुणी उदबत्ती लावावी तसा.

त्यानं नळी सोडवली. वाकणापाशी लांब चीर गेली होती. चिरेच्या कडा काळ्या पडलेल्या, त्यात धूळ घट्ट बसलेली. बाजारातून नवी नळी आणून त्यानं जोडली, क्लिपा आवळल्या, पुन्हा धूर सोडला. कुठूनच बाहेर आला नाही.

"आजच फुटली असेल ना?" विशाखानं विचारलं. तिच्या आवाजात आर्जव होतं. तिलाही तेच उत्तर हवं होतं, हे त्याला कळलं. 'व्हय' म्हटलं असतं तर दोघंही सुटले असते.

चिरलेली नळी त्यानं तिच्या हातात दिली.

"लई जुनी चीर हाय, ताई. आई खरं सांगत होत्या. मलाच वास येत न्हाई. तापापासून कशाचाच येत न्हाई. मी नुसता श्वास घेत होतो."

विशाखाचा चेहरा आधी तापला. मग तिची नजर आईकडं गेली. नळी हातात घेऊन ती रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली.

"आई, तुमीच बघा आता," उमाशंकर म्हणाला. "मला कळायचं न्हाई."

पार्वतीबाई हळूहळू उठल्या. दाराला धरून त्यांनी आत डोकं घातलं, बराच वेळ तशाच वाकून राहिल्या.

"गेला," त्या म्हणाल्या. मग वळून त्यांनी त्याच्याकडं निरखून पाहिलं. त्याला वाटलं, आता बोलतील. ऐकून घ्यायची त्याची तयारी होती.

"घरी म्हाईत हाय का?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"सांग बाबा. गॅस असतोय घरात."

विशाखानं मागचं दार लावलं, पुढचं उघडलं आणि आईला हाताला धरून शेजारी बसवलं. गाडी गेली. उमाशंकर त्याच स्टुलावर बसला. बऱ्याच वेळानं त्यानं घरी फोन लावला.

"जेवलाव का?" त्याच्या बायकोनं, सुकन्यानं, विचारलं. "आज डब्यात पुंडीच्या पाल्याची भाजी दिलीय, तुमच्या आवडीची. कशी झाली?"

रोज तो 'झकास' म्हणायचा.

"कळत न्हाई गं मला," तो म्हणाला.