मालकीण हजर पाहिजे

रंगाची फवारणी चालू असताना बूथचं, म्हणजे रंगाच्या बंद खोलीचं, दार उघडायचं नाही, हा चतुराबाईंचा नियम होता. दार उघडलं की रंग बाहेर पळतो आणि ओल्या कपाटावर धूळ बसते. अकरा वर्षांत तो नियम कुणी मोडला नव्हता. त्या दिवशी तातेराव आत एका हिरव्या कपाटावर दुसरा हात मारत होते आणि घासकाम करणारे एकनाथराव दार उघडून उभे राहिले. तातेरावांना तेवढ्यावरच कळलं. तापानं तीन दिवस नारायणगुड्याच्या दवाखान्यात असलेल्या चतुराबाई, त्यांची बायको, गेल्या होत्या. मुलीचे, निशिगंधाचे, चार फोन बाहेर टेबलावर वाजून थांबले होते, पाचवा एकनाथरावांनी उचलला होता.

तातेरावांनी कपाटाची उरलेली बाजू मारून घेतली. अर्ध्यात हात सोडला तर रंगाचा जोड दिसतो. हे ऐकून नंतर पुष्कळांनी तोंडावर हात ठेवला, पण चाळीस वर्षं रंगाची बंदूक धरलेल्या माणसाला अशा वेळी दुसरं काही सुचत नाही.

काटेदानच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या शेडवर ‘चतुरा कोटिंग्ज’ अशी पाटी होती. लोखंडी कपाटं, शाळेची बाकडी, दवाखान्याच्या खाटा रंगवून द्यायच्या, हा धंदा. कर्जाची योजना बायकांसाठी होती म्हणून सगळे कागद चतुराबाईंच्या नावावर झाले. प्रदूषण मंडळाची परवानगीसुद्धा. तातेरावांना वाटलं, नाव तिचं, काम आपलं. चतुराबाईंना तसं वाटलं नाही. परवानगीच्या मागच्या पानावरच्या अटी त्यांनी निशिगंधाकडून मराठीत समजून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी डबा बांधून गौलीगुड्याहून बसनं शेडवर आल्या. मग रोजच यायला लागल्या.

मुख्य अट अशी की बूथमधली हवा जाळ्यांतून गाळायची आणि मगच चिमणीतून वर सोडायची. जाळी रंगानं तुंबली की भिंतीवरच्या काचेच्या नळीतलं निळं पाणी चढतं. ते लाल रेघेला टेकलं की जाळी बदलायची. चतुराबाई रोज अकरा वाजता नळी बघायच्या आणि वहीत लिहायच्या: पाणी किती, थिनर किती लिटर, जाळी कधी बदलली. पण नळीवर त्यांचा फार विश्वास नव्हता. जुन्या पांढऱ्या पातळाची एक पट्टी त्या चिमणीजवळ तारेवर बांधायच्या. संध्याकाळी पट्टीवर ठिपके दिसले की नळी काहीही म्हणो, जाळी बदलायची.

“अगं, अजून आठ दिवस चालली असती,” तातेराव म्हणायचे.

“मग आठ दिवस तुम्ही बसा चिमणीला नाक लावून.”

“मालक मी आहे का तू?”

“कागद वाचा.”

त्या गेल्यावर वही टेबलावर तशीच राहिली. पट्टी कुणी बांधली नाही. अकरा वाजले की तातेराव चहा घ्यायचे, नळीकडे बघायचं त्यांच्या ध्यानातच यायचं नाही. अशानं सात आठवडे गेले आणि शेजारच्या कारखान्यात हर्षदशेठनी वाळत घातलेले पापड हिरवे निघाले. म्हणजे अगदीच हिरवे नाही, ठिपक्याठिपक्यांचे.

शेठ एक पापड हातात धरून आले. “तातेराव, ये कौनसा नया मसाला है?”

“मेथी म्हणून विका, शेठ,” एकनाथराव म्हणाले.

शेठना विनोद आवडला नाही. त्यांनी मंडळाकडे तक्रार केली आणि सोमवारी मंडळाच्या पद्मावती मॅडम हजर झाल्या. तिशीच्या असतील. पाठीला सॅक, पायांत बूट. त्यांनी पहिल्यांदा नळी बघितली. निळं पाणी लाल रेघेच्या चांगलं वर होतं. मग परवानगीचा कागद काढला.

“प्रोप्रायटर चतुराबाई सोनकांबळे. किधर हैं?”

“घर पे है,” तातेराव म्हणाले.

अकरा वर्षं ती शेडवर नसली की हेच उत्तर होतं. आताही तेच निघालं. पलीकडे एकनाथरावांचा सँडपेपर थांबला.

“बुलाओ.”

“तबियत जरा नरम है.”

“ठीक है. शुक्रवार को आती मैं. उनको बिठाके रखो. नई जाली होना, रजिस्टर पूरा होना, मालकिन की साइन होना. नै तो बूथ को सील डालती.”

मॅडम गेल्या. दवाखान्याच्या साठ खाटा रंगायच्या बाकी होत्या. बूथला सील लागलं तर त्या दुसरीकडे जाणार आणि मागोमाग शेडवरची सहा माणसंही.

“शुक्रवारी वहिनींना कुठून आणता?” एकनाथराव म्हणाले. “माझी बायको बसवली असती, पण ती पहिल्या प्रश्नालाच खरं सांगेल.”

“गप बसा हो.”

तातेरावांनी राणीगंजहून जाळ्या मागवल्या. मग वही घेऊन घरी गेले आणि मंगळवारी दुपारी एका बैठकीत सात आठवडे लिहून काढले. पाणी पाच, थिनर चार लिटर. पाणी पाच, थिनर चार लिटर. खाली दर दिवशी चतुराबाईंची सही. सही त्यांना चांगली जमली.

निशिगंधा बँकेतून आली. तिला मराठी बोलता येतं, वाचताना मात्र ती अक्षराअक्षराला अडखळते. आकडे तेवढे सरळ वाचते.

“पप्पा, रोज सेम रीडिंग? एक पॉइंट पण इकडेतिकडे नाही?”

“नळी चांगली आहे.”

“आणि हे सतरा तारखेचं?” तिनं बोट ठेवलं. “अकरा वाजता, थिनर चार लिटर, आईची साइन. पप्पा, सतराला अकरा वाजता आपण स्मशानात होतो.”

तातेरावांनी वही जवळ ओढून बघितली. सतरा तारीखच होती.

“हात चालू होता,” ते म्हणाले. “थांबवायचं राहिलं.”

निशिगंधा हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. तातेरावांनी चहा ठेवला. पातेल्यात पाणी तिघांचं ओतलं, मग एक कप परत काढलं. चहा झाल्यावर त्यांनी आखायची पट्टी घेतली आणि सात आठवड्यांच्या एकेका ओळीवर सरळ रेघ मारली. पानं फाडली नाहीत.

शुक्रवारी मॅडम वेळेवर आल्या. नव्या जाळ्या बसल्या होत्या, पाणी तीनवर होतं. चिमणीजवळ एकनाथरावांनी आपल्या जुन्या धोतराची पट्टी बांधली होती.

“मालकिन?”

“मॅडम, वो नै है. सात हफ्ते पहले गुजर गई. सोमवार को मैं झूट बोला.”

मॅडम उभ्याच राहिल्या. “कायकू बोले?”

“सोचके नै बोला. मुँह से वैसाच निकल गया.”

मॅडमनी स्टूल ओढलं, त्या बसल्या आणि त्यांनी वही उघडली. सगळी मराठीत.

“ये क्या लिखा है?”

“मैं पढके सुनाता.”

तातेराव वाचायला लागले आणि प्रत्येक ओळीमागून हिंदीत सांगायला लागले. बायकोच्या वहीची मागची पानं त्यांनी कधी वाचलीच नव्हती. आकड्यांशेजारी शेऱ्याचा रकाना होता आणि तिनं तो रिकामा सोडलेला नव्हता.

“‘आठ मार्च. पाणी सहा. थिनर तीन लिटर. पट्टी पांढरी. एकनाथराव मास्क न लावता आत गेले. चहा बंद केला.’”

“तीन दिन बंद रखी, मॅडम!” एकनाथराव लांबून ओरडले.

“‘अकरा मार्च. पाणी नऊ. पट्टीवर दोन ठिपके. जाळी बदलली. हे म्हणाले, अजून चालली असती. हे नेहमीच म्हणतात.’”

मॅडम हसल्या. तातेरावही हसले आणि त्यांनी पान उलटलं. एवढं वाचायची गरज नव्हती, एक महिना पुरला असता. त्यांनी जानेवारीपर्यंत मागे जाऊन वाचलं. मॅडमनी थांबवलं नाही.

शेवटी रेघा मारलेली पानं आली.

“ये लकीरां?”

“ये मैं लिखा था. खोटं है.”

मॅडमनी अहवालात सात आठवडे नोंद नाही आणि जाळी तुंबलेली होती असं लिहिलं. “फॉल्ट है तो लिखना पडता,” त्या म्हणाल्या. जाळ्या नव्या होत्या म्हणून बूथ चालू ठेवायला हरकत घेतली नाही. यापुढे वही इंग्रजीत किंवा तेलुगूत पाहिजे. आणि गेलेल्या माणसाच्या नावावर परवानगी चालत नाही, तर तीस दिवसांत मालकाचं नाव बदलायचा अर्ज द्यायचा, सोबत मृत्यूचा दाखला. निघताना त्या चिमणीखाली जरा थांबल्या, धोतराची पट्टी हातात धरून बघितली आणि सॅक पाठीला लावून गेल्या.

साठ खाटा वेळेवर गेल्या. निशिगंधानं नव्या वहीत इंग्रजीत रकाने आखून दिले. तातेराव अकराला नळी बघतात, मग चहा घेतात. हर्षदशेठनी परवा पापडाचं एक पाकीट पाठवलं. एकनाथरावांनी ते उजेडात धरून दोन्ही बाजूंनी तपासलं आणि मगच तळायला घरी नेलं.

नाव बदलायचा अर्ज निशिगंधानं भरला आहे. जुन्या मालकाचं नाव, नव्या मालकाचं नाव, बदलाचं कारण, सगळं. दाखलाही मागे टाचला आहे. तातेराव तो अर्ज रोज सकाळी पिशवीत घालून शेडवर नेतात आणि संध्याकाळी परत आणतात. बावीस दिवस झाले. अर्जावर त्यांची सही अजून व्हायची आहे.