बाबांच्या हातातला ब्रश

आमच्या घरात चॉकलेट कधी शिरलं नाही. बाबाच माझे कोच, आणि त्यांची शिस्त म्हणजे शिस्त. लांब पल्ल्याच्या सरावाला ते मैदानाच्या कडेला उभे असायचे, एका हातात लिंबाच्या चवीचं एनर्जी ड्रिंक, दुसऱ्या हातात टूथब्रश. दर फेरीला एक घोट. सराव संपला की धाप ओसरायच्या आत मी खसाखसा दात घासायचे. बाकीच्या मुली फिदीफिदी हसायच्या. मी आपली घासत राहायचे.

परवा दाढ ठणकायला लागली म्हणून दाताच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी दिवा जवळ ओढून पुन्हा एकदा तोंडात पाहिलं.

"दात घासता ना वेळच्या वेळी?"

"दिवसातून चार-पाचदा!" बाबा छाती पुढे काढून म्हणाले. "ड्रिंक झालं की लगेच. मी स्वतः ब्रश देतो."

"तिथंच घोळ झालाय हो. साखरेनं किडलेत ते वेगळंच. पण आंबट प्यायल्यावर दातांचं कवच मऊ पडतं. थोडं थांबलं तर ते सावरतं. तुम्ही लगेच ब्रशनं खरवडून काढत आलात." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आत पू झालाय. दाढ आजच काढू. आठवडाभर पळायचं नाही."

रविवारी निवड चाचणी होती. तिच्यापायी मी मैत्रिणींच्या लग्नांवरही पाणी सोडलं होतं. मला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही.

"सोमवारी काढली तर?" बाबांनी विचारलं.

"आजच काढा," मी म्हणाले. त्यांचा शब्द मी पहिल्यांदाच मोडला होता, आणि त्याचंही मला काही वाटलं नाही.

इंजेक्शननं गाल बधिर झाला. दाढ निघताना नुसता आवाज ऐकू आला, दुसऱ्याच कुणाच्या तोंडातला असावा तसा.

घरी बाबा बराच वेळ ती ड्रिंकची बाटली धूत बसले. मग साधं पाणी आणून माझ्यापुढे ठेवलं.

"माझ्याच हातानं गं," एवढंच म्हणाले.

मला त्यांची कीव यायला हवी होती, निदान राग तरी. भूल उतरली की येईल म्हणून वाट पाहिली. भूल उतरली, आणि नुसती दाढेची जागा ठणकली.

रविवारी सवयीनं गजराआधीच जाग आली. दारात बाबा उभे होते, बूट घालून, दोन्ही हात रिकामे.

"झोप तू," ते म्हणाले, आणि तिथेच उभे राहिले.

मी भिंतीकडे तोंड केलं.