पलीकडची एतेल्विना

शेत म्हणावं असं तिथे आधी काहीच नव्हतं. माझे बाबा, बेलिसारियो ओयार्सो, चिलोए बेटावरचे. पातागोनियातल्या त्या खोऱ्यात ते आणि आई आले तेव्हा नदीच्या काठापासून वरच्या बर्फापर्यंत नुसतं जंगल होतं. बाबांनी ते तोडलं, जाळलं आणि जळक्या खुंटांमधून वाट काढत जमीन नांगरली. क्लावेल आणि लुसेरो ही आमची बैलजोडी. गहू, बटाटे आणि थोडी मेंढरं होती. मीठ आणि चहासाठी येर्बाचा पाला आणायला बाबा वर्षातून एकदा लोकर लादून बंदरावर जात. बाकी सगळं घरचंच. मेणबत्त्या मेंढीच्या चरबीच्या, जोडे गाईच्या कातड्याचे. मोठी होईपर्यंत मला वाटायचं, जगात सगळ्यांच्याच जोड्यांना केस असतात.

नदीपलीकडे एकच घर होतं, ओनोफ्रे आणि त्याची बायको एतेल्विना यांचं. नदी अशी उसळत जायची की होडी टिकत नसे. खालच्या उथळ उतारावरून वळसा घालायचा तर घोड्यावर तीन दिवस. पुरुष तसे येऊनजाऊन असत. बायकांना कुठली सवड? घरात पोरं, गोठ्यात गाई. आईने एतेल्विनाला जवळून कधी पाहिलंच नव्हतं. तिची चाल मात्र ओळखीची होती, आणि तिचे वाळत घातलेले परकर. वारा पडला की दोघी काठावर येऊन ओरडायच्या.

"अगं, तुझी करडी कोंबडी बसली का अंड्यांवर?"

"कुठली बसते! कोल्ह्यानं नेली मेलीला!"

एकदा बाबा बंदरावरून येताना ओनोफ्रेकडे मुक्काम करून आले. आईने विचारलं, "कशी आहे हो ती दिसायला?"

"कशी असणार? बाईसारखी बाई."

"अहो, डोळे कसे आहेत, म्हणते मी."

"दोन आहेत."

त्या दिवशी आई बाबांशी बोलली नाही.

आमच्याकडे वारा पडतो कमी. म्हणून दोघींनी खूण ठरवली होती. दोरीवर पांढरी चादर असली की सगळं ठीक. तांबडी घोंगडी दिसली की धावा.

मी नऊ वर्षांची असताना, ऐन हिवाळ्यात, एका सकाळी तांबडी घोंगडी दिसली. ओनोफ्रे मेंढरं विकायला सरहद्दीपलीकडे गेला होता आणि बर्फामुळे घाट बंद झाला होता. एतेल्विनाचे दिवस भरले होते, हे आम्हाला ठाऊक होतं.

बाबा जोडे चढवायला लागले. "मी जातो."

"तुम्ही जाऊन काय करणार? बाळंतपण?" आई म्हणाली. "बैल सोडा."

"रोसेन्दा, पाणी बघितलंस का?"

"बघितलं. हिवाळ्यात कमीच असतं. बोलण्यात वेळ नका घालवू."

दरीच्या खाली पात्र जिथे पसरट होतं तिथे बाबांनी जोडी पाण्यात घातली. आईने परकर कमरेला खोचला, चामडी दोर अंगाभोवती बांधून घेतला आणि जोखड धरून ती क्लावेलच्या बाजूने उतरली. दोराचं दुसरं टोक बाबांच्या हातात. मी धाकट्या भावाला उराशी धरून काठावर उभी होते. मध्यावर लुसेरोचा पाय निसटला. तो आडवा झाला आणि जोडी प्रवाहाबरोबर वाहायला लागली. बाबा ओरडले, "वादी काप! वादी काप!" आईने कमरेची सुरी काढून लुसेरोची शिंगं जोखडाला बांधलेली वादी कापली. त्याचं काळं डोकं दोनदा वर आलं, मग आलं नाही. क्लावेलने आईला आणि जोखडाला ओढत पलीकडे नेलं. मी बाबांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. आईसाठी की लुसेरोसाठी, मी विचारलं नाही.

पुढचं आई सांगायची. "दारात उभी राहिले, ओलीचिंब, दात वाजतायत. ती खाटेवर कण्हत होती. माझ्याकडे नीट बघून काय म्हणाली असेल? 'अगं बाई, मला वाटलं होतं तू उंच असशील.'"

दुसऱ्या दिवशी दुपारी पांढरी चादर लागली. मुलगा झाला होता, सिक्स्तो. ओनोफ्रे परत येईपर्यंत आई तिथेच राहिली. इकडे बाबा आम्हाला करपलेला पाव खाऊ घालत होते आणि आवडला का म्हणून विचारतही होते.

वसंतात नांगरायची वेळ आली तेव्हा ओनोफ्रे स्वतःचा एक बैल घेऊन लांबच्या वाटेने आला. "हा तुमचा," एवढंच म्हणाला. बाबांनी नको म्हटलं. त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं करून बैल क्लावेलशेजारी बांधला. पुढच्या उन्हाळ्यात दोघांनी मिळून नदीवर लोखंडी तार ताणली आणि तिला माणसाला बसून पार जाता येईल असा लाकडी पाळणा टांगला. त्यानंतर दर रविवारी एकीचा फेरा व्हायचा. मध्ये एकदा एतेल्विना आईच्या पावाला दगड म्हणाली, तेव्हा तो पाळणा अख्खा उन्हाळाभर रिकामा लोंबकळत राहिला. शेवटी समेट झाला, पण त्यासाठी आधी कोण पाळण्यात बसलं यावर दोघी पुढे कायम भांडत राहिल्या.

मग खोऱ्यात रस्ता आला. आम्ही पोरं शिकायला गेलो ती परतलो नाही. बाबा गेल्यावर आईला मी शहरात माझ्याकडे आणलं. भिंतीला भिंत लागून घरं. "इथं हाक मारायला घसा ताणावा लागत नाही," ती म्हणायची, "म्हणून कुणी कुणाला हाकच मारत नाही." दोन हिवाळे काढले तिने. तिला आम्ही शेतावरच, बाबांशेजारी पुरलं. एतेल्विना काठी टेकत आली होती. ती रडली नाही. आईच्या डोक्यावरचा रुमाल तेवढा नीट केला.

आता दोन्ही काठांची जमीन सिक्स्तोच बघतो. आमच्या घराचं छप्पर त्याने पत्र्याचं केलं. वरच्या अंगाच्या वावरात जंगल पुन्हा आलंय, मी बोलून दाखवलं तर म्हणाला, "असू दे मावशी, मी एकटा किती तोडणार?" दर जानेवारीत, तिथल्या ऐन उन्हाळ्यात, मी जाते. तो गवत कापत असतो, मी कुंपणापाशी बसून बघते. दुपारी त्याची बायको जेवायला हाक मारते आणि आम्ही दोघं घराकडे निघतो.