तेलाचा थेंब

सहावं इंजिन बघायला निघालो तेव्हा मी बाबांना सांगून टाकलं, की आजच्यानंतर मला गृहीत धरू नका. आठवडाभर औषधांच्या दुकानात उभं राहून पाय भरून येतात आणि मिळणारा एकुलता एक रविवार मी लोकांच्या गॅरेजमध्ये वाकून घालवते. बाबा म्हणाले, बरं. ते दर रविवारी हेच म्हणतात. माझा भाऊ लांब राहतो आणि फोनवरून सल्ले देतो, तेवढाच त्याचा हातभार.

आमची होडी लहान आहे. चार माणसं कशीबशी बसतात आणि मागच्या फळीला इंजिन लटकवायचं असतं. दोन महिन्यांपूर्वी बाबा एकटेच तळ्यावर गेले आणि चक्कर येऊन होडीतच पडले. होडी काठच्या गवतात घुसली, आणि इंजिन चिखल ओढत तसंच चालत राहिलं, जळून बंद पडेपर्यंत. दोन तासांनी कोणाच्या तरी लक्षात आलं. इंजिन भंगारात गेलं आणि बाबांचा उजवा खांदा कायमचा अधू झाला. त्या दिवसाबद्दल बाबा एवढंच बोलतात, की इंजिन जुनं झालं होतं.

लहान इंजिनं दोन तऱ्हेची. एक दोरीला हिसका देऊन चालू करायचं, दुसरं बटण दाबून. आज निघण्याआधी आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि नळ सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये.

"दोरीचंच आण," ती म्हणाली. "दोरी काही त्यांना ओढवणार नाही. मग एकटे तरी जाणार नाहीत."

मी म्हटलं, हे तूच सांग की त्यांना. प्रत्येक वेळी मीच का मधे?

"चाळीस वर्षांत मी त्यांना तळ्यावर जाऊ नका असं कधी म्हटलेलं नाही. आता कोणत्या तोंडाने म्हणू?" नळ बंद करून ती भांडी घासायला लागली. भांडी घासलेलीच होती.

सेकंडहँड इंजिन बघायची बाबांची रीत ठरलेली आहे. मालकाशी बोलण्याआधी झाकणावर तळहात ठेवायचा. गरम लागलं तर समजायचं, की थंड असताना हे कुरकुर करतं म्हणून मालकाने आधीच चालू करून ठेवलंय. मग खालचा, पाण्यात फिरणारा पंखा हलवून बघायचा. मग खालचा स्क्रू सैल करून गिअरच्या तेलाचा एक थेंब बोटावर घ्यायचा. तेल स्वच्छ असेल तर ठीक, दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय, सरळ घरचा रस्ता धरायचा. आणि सगळ्यात शेवटी इंजिन चालू करून बघायचं. मी दहा वर्षांची असल्यापासून हा थेंब बघत आलेय. हल्ली खांद्यामुळे स्क्रू मी सैल करते, पण थेंब बाबांच्याच बोटावर आणि निकालही त्यांचाच.

गेल्या पाच रविवारी पाच इंजिनं नापास झाली. सगळी दोरीचीच होती. एक गरम होतं, एकाचा पंखा वाकला होता. एकाचा मालक फार बोलतो म्हणून ते नको. चौथ्याचा आवाज आवडणार नाही असं बाबांनी चालू न करताच ओळखलं. पाचवं एका निवृत्त पोस्टमनचं होतं, लेकरासारखं जपलेलं. तेलाचा थेंब मी माझ्या डोळ्यांनी बघितला, अगदी स्वच्छ. बाबा म्हणाले, दुधाळ आहे. बिचाऱ्या पोस्टमनचा चेहरा उतरला. तेल त्यानेच गेल्या महिन्यात बदललं होतं.

परत येताना मी गाडीत भांडणार होते, शब्द जुळवून तयार ठेवले होते. सिग्नलला थांबलो आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाच रविवारांत बाबा दोरीपर्यंत एकदाही पोचले नव्हते. त्याआधीच कुठेतरी खोट निघत होती. परक्या माणसासमोर दोरी ओढायची आणि ती ओढली जायची नाही, एवढंच त्यांना टाळायचं होतं. मी भांडले नाही. राग मात्र गेला नाही, फक्त तो कोणावर काढायचा ते कळेना.

तर आजचं सहावं. होड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीची शेड होती. कानावर पेन्सिल, बोलणं मोजकं. त्याच्याकडे दोन इंजिनं निघाली, पाण्याच्या पिंपांत उभी केलेली. पहिलं दोरीचं. बाबांनी हात ठेवला, पंखा हलवला, तेल बघितलं. खोट काढायला काही सापडेना. मिस्त्री म्हणाला, ओढा की. बाबा ऐकू न आल्यासारखे दुसऱ्याकडे वळले.

दुसऱ्याला बटण होतं. बाबांनी डाव्या अंगठ्याने ते दाबलं आणि इंजिन लगेच चालू झालं. बाजूच्या भोकातून इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची बारीक धार सुटली. त्या धारेकडे बघताना बाबांचा चेहरा असा खुलला, की मला बघवेना.

"एकट्या माणसाला बरं आहे हे," ते म्हणाले.

मग त्यांच्या लक्षात आलं, की तेल बघायचं राहूनच गेलं. चाळीस वर्षांची रीत आनंदात चुकली होती. त्यांनी इंजिन बंद केलं, ते वर उचलायला मिस्त्रीला सांगितलं आणि खिशातला स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला. मी खाली वाकले. थेंब या वेळी माझ्या बोटावर आला. स्वच्छ होता. मला नळापाशी उभी आई दिसली, गवतात घुसलेली होडी दिसली.

"दुधाळ आहे," मी म्हटलं.

मिस्त्री म्हणाला, शक्यच नाही. बाबा आले. त्यांनी माझं बोट धरून दाराच्या उजेडाकडे नेलं, थेंब स्वतःच्या बोटावर घेतला आणि चोळला. बराच वेळ चोळला. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"हो," ते मिस्त्रीला म्हणाले. "पाणी शिरलंय."

मिस्त्रीने आम्हा दोघांना चष्म्याचे नंबर तपासून घ्यायला सांगितलं. त्याचं काही चुकलं नाही.

बाबा पहिल्या इंजिनापाशी गेले, त्याच्या झाकणावर हात ठेवला आणि मला म्हणाले, ओढ. मी ओढलं. दोनदा नुसतंच खोकलं, तिसऱ्यांदा चालू झालं. बाबांनी मान हलवली. मिस्त्रीने ते आमच्या गाडीत चढवून दिलं.

आम्ही परतीच्या रस्त्याला लागलो. मला माझीच लाज वाटत होती, आणि दमले तर इतकी होते, की लाज वाटायचेही श्रम होत होते. बाबांनी बोट रुमालाला पुसलं. मग पुन्हा पुसलं.

"त्या पोस्टमनला फोन कर," ते म्हणाले. "म्हणावं, तुमचं तेल स्वच्छ होतं. आमचीच चूक झाली."

मी करते म्हटलं.

थोड्या वेळाने त्यांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "रविवारी जमेल का तुला? दोरी ओढायला."

मी म्हटलं, जमेल. दुसरं काही म्हणायला मला तोंड नव्हतं.